तिसरा नुक्ता

हैदराबाद
१० ऑक्टोबर १९४० (५ आजूर १३५० फसली)

ती. सौ. अक्का,

बन्सीचा नमस्कार पोचावा.

उद्या दसरा. इथे आपट्याची पानं जुड्या बांधून बाजारात विकायला येतात. आज एक जुडी घेतली आणि जिंतूरच्या ओढ्याकाठचं झाड आठवलं. माझा हात पुरायचा नाही. तू फांदी वाकवून धरायचीस आणि मी ओरबाडायचो.

पत्राला कारण घडलं आहे. गेल्या महिन्यात मला मददगारीची जागा मिळाली. महसूल खात्यात मोठ्या साहेबांच्या खालोखाल आता माझी खुर्ची. आपल्या भागातला शेतकऱ्याचा मुलगा या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला, असं इथले लोक म्हणतात. बातमी सेलूपर्यंत गेली आणि तिथल्या शाळेचं निमंत्रण आलं. एकवीस डिसेंबरला त्यांचं संमेलन आहे. पाहुणा म्हणून मी बोलायचं. विषयही त्यांनीच नेमून दिला: आयुष्यात मोठं यश कशामुळे मिळतं?

बराच विचार केला. मेहनत, शिस्त, पहाटे उठणं हे सगळेच सांगतात. मग मला सूप आठवलं.

शाळेत सगळं उर्दूत होतं आणि माझ्या डोक्यात एक हरफ, एक अक्षर शिरत नव्हतं. बे, पे, ते, से, चारही सारखेच दिसायचे, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे वरखालच्या ठिपक्यांचा. तेव्हा मी एक युक्ती काढली. हरफाचा आकार सुपासारखा. सुपाखाली एक दाणा पडला की बे, तीन पडले की पे. सुपात दोन दाणे राहिले की ते, तीन राहिले की से. सूप तेच, दाणे वेगळे. ज्वारीचे दाणे मांडून मांडून मी सगळे हरफ पाठ केले. घरात कोणी शिकवणारं नव्हतं म्हणूनच हे सुचलं, असं मला वाटतं. कचेरीत ही गोष्ट मी कितीदा सांगितली आहे. भाषणातही तीच सांगणार.

तू तेव्हा शेजारी दाणे निवडत बसलेली असायचीस. त्या दिवसांतलं आणखी काही आठवत असेल तर मास्तरांकडून लिहवून पाठव. गोविंदराव मास्तरांना माझा नमस्कार. त्यांचं अक्षर असं देखणं आहे की तुझं पत्र आलं की मी आधी नुसता बघत बसतो, मग वाचतो.

तुझा बन्सी


बोरी
आश्विन पौर्णिमा, शके १८६२

चि. बन्सीस अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र कावेरीच्या वडिलांनी पारावर नेऊन चार जणांना वाचून दाखवलं. दिवसभर बायका येत होत्या. शेजारच्या बायनाबाई म्हणाल्या, "भाऊ एवढा मोठा साहेब झाला म्हणं. आता तरी येतो का न्हाई बहिणीकडं?" मी म्हटलं, येईल की. अकरा वर्षं मी हेच म्हणते आहे.

दरवर्षी भाऊबीजेला तुझं लुगडं टपालाने येतं. रंगही मला आवडतो तोच असतो. पाट मांडते, त्यावर ते लुगडं ठेवते आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ दूर असला की चंद्राला ओवाळावं, असं माय सांगायची. चंद्राची तक्रार नाही. पण तो जेवायला थांबत नाही.

तुझ्या अभ्यासाचं विचारलंस. सूप होतं, दाणे होते, ते खरं आहे. तू पहिल्या वर्षी नापास झालास तेव्हा नाना म्हणाले होते, "पुन्यांदा नापास झाला तर शाळा बंद, औत धरायचं." तू आठ वर्षांचा. माजघरात जाऊन कणगीच्या मागे बसलास, जेवायलाही आला नाहीस. पुढच्या वर्षी पास झालास. मला एवढंच आठवतं.

आता माझं एक काम. हे मी कावेरीच्या वडिलांना दाखवलेलं नाही.

कावेरीला तेरावं लागलं. गावच्या शाळेचे चारही वर्ग तिचे कधीच झाले. घरात गुळाची पुडी आली की ती कागद पाण्यात भिजवून सोडवते, दोरीवर वाळत घालते आणि वाळला की वाचते. अर्धी बातमी असते, अर्धी फाटलेली असते. फाटलेलं ती मनाने पुरं करते आणि मला सांगते. तुळशीचं लग्न झालं की चुडाव्याची मंडळी तिला बघायला येणार आहेत. घर चांगलं, मुलगाही निर्व्यसनी.

तिला तू हैदराबादला नेशील का? तुझी हेमा जाते त्या शाळेत तीही जाईल. स्वयंपाकपाणी सगळं येतं तिला, कोणाला जड होणार नाही. तू मागितलंस तर हे नाही म्हणायचे नाहीत, मामाचा मान मोठा असतो. माझं एकटीचं ऐकतील असं नाही.

आजवर मी तुझ्याजवळ काही मागितलं नाही. हे मागते आहे.

तुझी अक्का
(लिहिणार: गोविंदराव मास्तर)


हैदराबाद
२४ ऑक्टोबर १९४० (१९ आजूर)

ती. सौ. अक्का,

भाऊबीजेचं लुगडं आजच रवाना केलं.

मास्तरांसाठी सोबत एक काम पाठवतो आहे. भाषण लिहून काढलं, पण ते उर्दूत झालं. पंचवीस वर्षं कचेरीत राहून माझं असं झालं आहे की चार ओळींची चिठ्ठी मराठीत लिहितो, मोठा मजकूर मात्र मराठीत सुचतच नाही. सेलूला तर मराठीतच बोलायला हवं. मास्तरांना म्हणावं, याचा चांगला तरजुमा करून द्या, आणि माझा मूळ कागदही परत पाठवा.

कावेरीविषयी वाचलं. वाईट वाटलं, पण अक्का, तू जरा शांतपणे विचार कर. हेमाच्या आईची प्रकृती नाजूक असते. परक्या शहरात वाढत्या मुलीची जोखीम मोठी. आणि कावेरीच्या वडिलांनी, माणिकरावांनी, चुडाव्याला शब्द दिला असेल तर मी मध्ये पडणं बरं दिसणार नाही.

खरं सांगू का, ज्याच्यात धमक असते तो आपली वाट आपण काढतो. भाषणात मी हेच म्हटलं आहे. मला कोणी वाट काढून दिली होती? सूपच होतं माझ्याजवळ. कावेरीच्या नशिबात शिकणं असेल तर ती चुडाव्यालाही शिकेल.

रागावू नकोस.

तुझा बन्सी


बोरी
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६२

चि. बन्सीस आशीर्वाद.

लुगडं मिळालं. मोरपंखी आहे. पाट मांडला होता.

तरजुमा सोबत आहे. तू लिहिलंस तसंच उतरवलं आहे, एक वाक्य वाढवलं नाही की गाळलं नाही. तुझा मूळ कागदही परत पाठवते. त्यात एका ठिकाणी शब्द चुकला होता, तेवढा दुरुस्त केला आहे.

चुडाव्याची मंडळी कार्तिकी पौर्णिमेला येणार, असा निरोप आला आहे.

अक्का
(लिहिणार: गोविंदराव मास्तर)


हैदराबाद
१२ नोव्हेंबर १९४० (८ दै)

ती. सौ. अक्का,

तरजुमा पाहिला. अप्रतिम आहे. माझ्या उर्दूपेक्षा हे मराठी चांगलं झालं. मास्तर खेड्यात राहून वाया गेले, असं वाटलं.

पण एका गोष्टीचा मला राग आला आहे आणि तो तुझ्यावर आहे.

मूळ कागदावर 'लहानपणच्या मेहनतीचा असर' असं मी लिहिलं होतं. घाईत 'से'वर तिनाऐवजी दोनच नुक्ते पडले, म्हणजे 'असर' हा शब्द 'उतर' असा वाचता येईल असा झाला. मास्तरांनी तिसरा नुक्ता दिला, तो दिलाच पाहिजे. पण समासात त्यांनी बारीक उर्दूत लिहिलं आहे, "फुटाणा खाल्लास?"

अक्का, हे घरातलं बोलणं आहे. मी नुक्ता गाळला की लहानपणी मला हेच म्हणायचे. कोण म्हणायचं तेही आता नीट आठवत नाही, बहुतेक माय. ते तू मास्तरांना कशाला सांगितलंस? खात्याच्या मददगाराला गावच्या मास्तरांनी फुटाण्यावरून टोचावं?

तरीही एक विचारतो. हा समास वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आपण तर ज्वारी मांडायचो. मग फुटाणा कुठून आला?

बन्सी


बोरी
कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६२

चि. बन्सी,

या पत्राखाली लिहिणाराचं नाव नाही. गोविंदराव मास्तर ज्येष्ठातच बोरी सोडून मुलाकडे राहायला गेले. आणि ते इथे होते तेव्हाही तुला पत्रं त्यांनी लिहिली नाहीत.

मराठी अक्षरं मी माहेरीच देवळातल्या पोथीवरून उचलली होती, पण माझ्या सासूबाईंना सुनेच्या हातात लेखणी खपत नसे. पहिली दोन पत्रं मी सांगितली आणि मास्तरांनी लिहिली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, तुमी सांगता सांगता बोटानं भुईवर लिहायलाय. मग माझं काय काम?" दौत माझ्याकडे सरकवून ते पाठ फिरवून बसले. तेव्हापासून अक्षर माझं आणि नाव त्यांचं. सासूबाई गेल्या, पण ती सवय राहिली. तू अक्षराची स्तुती करायचास तेव्हा मी ती मास्तरांना पोचवत नसे, माझ्याजवळच ठेवत असे.

आता फुटाण्याचं.

नानांनी औताचं म्हटलं आणि तू कणगीमागे जाऊन बसलास, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी मी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गेले. तिथल्या जमादाराची बायको, खैरूनबी, गोधड्या शिवायची. मी म्हटलं, मी टाके घालते, तुम्ही मला हरफ शिकवा. ती हसली. म्हणाली, "तेरे कू क्या करने का गे?" मी म्हटलं, भावाला शिकवायचं आहे. सहा महिने मी दुपारी तिच्या गोधडीला टाके घातले. माझा नुक्ता चुकला की ती सुई माझ्या बोटाला हळूच टोचायची.

जे शिकायचे ते घरी आणायचे. सूप आपल्या घरचं होतं, युक्ती माझी होती. आधी ज्वारीच मांडली होती, पण तुझं लक्ष लागेना, म्हणून फुटाणे घेतले. हरफ बरोबर आला की एक फुटाणा तुझा. तू लबाड. 'से' मांडायला तीन दिले की एक तोंडात टाकायचास आणि दोनच मांडायचास. मग मी म्हणायचे, "फुटाणा खाल्लास?" परवा तुझ्या कागदावर ते दोन नुक्ते पाहिले आणि लेखणी आपोआप चालली. मागाहून घाबरले. खोडणार होते. खोडलं नाही.

तू पास झालास आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. नानांनी बजावलं, "नाक्यावर जाऊन शिकली हे सासरी बोलायचं न्हाई. नांदवणार न्हाईत." मी बोलले नाही. कावेरीच्या वडिलांनाही उर्दूचं माहीत नाही. तहसिलीतले कागद घेऊन ते पटवाऱ्याकडे जातात. कागद कोनाड्यात असतो, मी येता जाता वाचलेला असतो आणि गप्प असते.

बन्सी, तू काही चोरलं नाहीस. इतका लहान होतास. सांगता सांगता गोष्ट तुझी झाली असेल. मेहनत तू केलीस, दिव्याशी डोळे तू फोडलेस, ते खोटं नाही. पण तू विचारलंस ना, मोठं यश कशाने मिळतं? भाकरी थापताना मी चार दिवस विचार केला. मीही हुशार होते. हे आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगते आहे. खैरूनबी म्हणायची, भावापेक्षा तुझा हात चांगला. आपण एकाच सुपातले दोघं. तू सुपात राहिलास, मी खाली पडले. खाली पडलेला दाणा किडका असतो असं नाही रे. सूप पाखडणाराचा हात जरा हलतो, एवढंच.

भाषणात माझं नाव घेऊ नकोस. मला नको आहे ते.

चुडाव्याची मंडळी येऊन गेली. मुलाचे वडील चंद्रभान पाटील यांनी कावेरीला विचारलं, "वाचता येतं का पोरी?" ती म्हणाली, हो. ते म्हणाले, "असू द्या, इसरून जाईल." सगळे हसले. तिचे वडीलही हसले. माणसं वाईट नाहीत बन्सी. म्हणूनच भीती वाटते. माझ्या सासरचीही वाईट नव्हती.

पसंती आली आहे. पौष लागायच्या आत, मार्गशीर्ष वद्य दशमीला सुपारी फोडायची.

कावेरी अजून सुपात आहे.

अक्का


बोरी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६२

चि. बन्सी,

अठरा दिवस झाले. टपालवाला रोज वेशीवरून जातो. बायनाबाई विचारतात, "भावाचं पत्र आलं का वो?" मी म्हणते, कामात असेल.

मी लिहिलं ते लिहायला नको होतं. खरं असलं तरी माणूस लाजतो. तू कणगीमागे जाऊन बसला असशील. लहानपणी मी तिथे ताट सरकवायचे, आता तिथवर हात पुरत नाही.

कावेरीचं राहू दे. तुझं पत्र तेवढं येऊ दे. सुपाची गोष्ट पूर्वीसारखीच सांग, मला काही वाटणार नाही.

अक्का


हैदराबाद
१० डिसेंबर १९४० (६ बहमन)

अक्का,

हे पत्र उर्दूत लिहितो आहे. माझं खोटं बोलणं मराठीत झालं होतं, खरं मला याच भाषेत जमेल. आणि ते वाचायला तुला कोणी लागणार नाही, हे लिहितानाच हात थांबतो आहे. नुक्ते मोजून घातले आहेत. तरी बघ.

इतके दिवस मी आठवत होतो. मला एक हात आठवतो. फुटाणे सरकवणारा. मनगटात हिरव्या बांगड्या, त्यातली एक पिचलेली. चेहरा आठवत नाही. इतकी वर्षं तो हात मी मायचा समजत होतो. पण माय डावखुरी होती, आणि तो हात उजवा आहे. हे मला परवा पंगतीत हेमाची आई वाढत असताना एकदम लक्षात आलं. ताट तसंच ठेवून उठलो.

आणखी एक कबूल करतो. कावेरीविषयी घरात मी विचारलंच नव्हतं. हेमाच्या आईची प्रकृती ठणठणीत आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "तिचं अंथरूण हेमाशेजारी पडेल, त्यात विचारायचं काय? एवढे दिवस हे मला का सांगितलं नाहीत?" मी का टाळलं ते मलाच ठाऊक नाही. कदाचित वाट कोणी काढून देतं हे मानलं असतं, तर माझी वाट कोणी काढली हेही विचारावं लागलं असतं.

माणिकरावांना आजच वेगळं पत्र घातलं आहे. कावेरीला मागितलं आहे, हात जोडून. तुम्ही दोघं सेलूला या. भाषण झालं की मी तुमच्याच बैलगाडीत बोरीला येईन. दोन दिवस राहीन. पाट मांडून ठेव.

बन्सी


बोरी
मार्गशीर्ष वद्य एकादशी, शके १८६२

चि. बन्सीस आशीर्वाद.

पाट मांडला होता. तुझ्या साहेबांची तार आली आणि तुला दुपारच्याच गाडीने परतावं लागलं, त्याला तू काय करणार? स्टेशनवर पाणपोईपाशी जेवढं बोललो तेवढं. तुझे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत. मला वाटत होतं मी तुला ओळखीन, पण तू मला आधी ओळखलंस. मी आणलेली फुटाण्यांची पुडी तू हातात घेतलीस आणि एक फुटाणा तोंडात टाकलास. गाडी गेल्यावर फलाटावर आठवलं की तुला ओवाळायचं राहिलं. तबक पिशवीतच होतं.

आता तू गेल्यावरचं सांगते. आधी भाषणाचं, कारण समोरून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही.

मी बायकांत बसले होते. तुझ्या हातात माझा तरजुमा होता. सुपापर्यंत चांगलं चाललं होतं. "ही युक्ती मी काढली" हे वाक्य आलं आणि तू थांबलास. पाणी प्यालास. मग म्हणालास, "ही युक्ती माझी नव्हती. माझ्या बहिणीने मला शिकवलं. तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं." कागदाची घडी केलीस आणि खाली बसलास. टाळ्या कधी वाजवायच्या हेच लोकांना कळलं नाही. माझ्या शेजारच्या नर्मदाबाई म्हणाल्या, "एवढा मोठा साहेब आन् भाषण इसरला की वो!" मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं हसते आहे.

नाव घेऊ नकोस म्हटलं होतं. नाव घेतलं नाहीस, तेही बरं केलंस.

परतताना आम्ही दुधना नदी उतरलो. हे म्हणाले, "तुझा भाऊ लय मोठा माणूस हाय, पर भाषण काय जमलं न्हाई त्येला." मी पिशवीतलं तबक सारखं केलं. मग म्हणाले, "ती बहीण म्हंजी तूच का?"

मी म्हटलं, "त्याला दुसरी कुठे आहे?"

त्यांनी कासरा ओढला. बैल थांबले. बंडीच्या खिशातून बांधाच्या मोजणीची नोटीस काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाच बरं."

सूर्य कलला होता, पण उजेड होता. मी वाचली. मोजणी कोणत्या दिवशी, कोणी हजर राहायचं, सगळं सांगितलं.

"पटवारी म्हनला तेच हाय," ते म्हणाले. मग एकदम चिडले. "तीस वर्सं मी त्येच्या वसरीवर ताटकळायलोय, आन् तू घरात गप बसलीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"आता इचारायलोय ना!"

त्यांनी कासरा सैल सोडला, बैल चालू लागले. मग त्यांनी विचारलं, "कावेरीबी अशीच गप बसंल का गं, चुडाव्याला?"

मी म्हटलं, "बसेल. मीच शिकवलंय तिला गप्प बसायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घोड्यावरून एकटेच चुडाव्याला गेले. तिथे काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "पाटील रागावले. रागावू दे. मामानं मागितली म्हणून सांगितलं." काल दशमी होती. सुपारी फुटली नाही.

संक्रांत झाली की हे स्वतः कावेरीला घेऊन हैदराबादला येतील.

अक्का


हैदराबाद
२ मार्च १९४१ (२८ फरवरदी)

ती. सौ. अक्का,

कावेरी शाळेत रमली. पहिले आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडली, नवव्या दिवशी हेमाशी भांडली, तेव्हा मी निश्चिंत झालो. मराठीत ती वर्गाच्या पुढे आहे. उर्दू नव्याने शिकायचं आहे, ते मी घेतो. सूप आणवलं आहे. हेमाची आई फुटाण्यांवर लक्ष ठेवते, कारण मीच खातो.

काल तिला म्हटलं, आधी आपल्या आईचं नाव लिही. तिने लिहिलेलं पान सोबत पाठवतो. मी त्यावर काही केलेलं नाही, जसं आहे तसं पाठवलं.

तुझा बन्सी


बोरी
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८६२

चि. बन्सी,

पान मिळालं. दिवसभर कनवटीला होतं.

कावेरी गेल्यापासून घरात आवाज कमी झाला आहे. गुळाच्या पुडीचा कागद आता मीच भिजवते आणि दोरीवर वाळत घालते. परवा तिच्या वडिलांनी तो काढून वाचला आणि म्हणाले, "अर्धाच हाय. फुडचं काय झालं आसंल?" मला सांगता येईना. ते कावेरीला यायचं.

खैरूनबीने एकदा माझं नाव पाटीवर लिहून दाखवलं होतं. मनकर्णा. मी पुरतं पाहीपर्यंत कोणी तरी आलं आणि तिने हाताने पुसलं. त्यानंतर त्या लिपीत माझं नाव कोणी लिहिलं नव्हतं. मीसुद्धा लिहिलं नाही. लिहून कोणाला दाखवायचं?

त्यात 'न'चे दोन हरफ, दोन नून येतात, दोघांच्या डोक्यावर एकेक नुक्ता. पोरीने पहिला दिला आहे, दुसरा दिलेला नाही. मी लेखणी दौतीत बुडवली, तो नुक्ता जागेवर ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. पान परत पाठवते आहे. जपून ठेवा.

येत्या भाऊबीजेला पाट मांडीन. तू येशीलच असं मी आता कोणाला सांगत नाही, पण चंद्राला म्हणणार आहे, जरा थांब.

आणि त्या पोरीला माझ्या वतीने विचार, फुटाणा कुणी खाल्ला, तिने की तिच्या मामाने?

अक्का
(लिहिणार: मनकर्णा)